मोकळे जग पडद्यावर, माळरान वाऱ्यावर

व्हिडिओ गेम या विषयावर महाराष्ट्रात आजवर दोनच सूर लागत आले आहेत. पहिला सूर व्यसनाचा. मुलगा मोबाइलला चिकटला, अभ्यास बुडाला, पैसे हरला, अशा बातम्यांतून तो ऐकू येतो. दुसरा सूर उद्योगाचा. त्यात रोजगार, गुंतवणूक आणि निर्यात यांची भाषा असते. २०२५ मध्ये हे दोन्ही सूर जेमतेम महिन्याच्या अंतराने सरकारदरबारी उमटले. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा संमत केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई झाली. असे खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर झळकणारे एक नाव त्यापायी रातोरात उतरले. पुढच्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. पन्नास हजार कोटींची गुंतवणूक आणि दोन लाख रोजगार हे त्याचे उद्दिष्ट सांगण्यात आले.

जुगार आणि उद्योग या दोन शब्दांत विषय संपला, असा समज यातून होतो. प्रत्यक्षात खेळांचा एक मोठा वर्ग या दोहोंच्या मध्ये आहे. त्यात पैज नसते, बंदूक नसते, कोणी कोणाला मारीत नाही. डोंगर असतो, सायकल असते आणि उतार असतो. माउंटन बाइकिंगचे 'मुक्त जग' प्रकारातील गेम हे त्याचे उत्तम उदाहरण. कायद्याच्या दृष्टीने ते निरुपद्रवी आणि धोरणाच्या दृष्टीने आकडेवारीतील एक ओळ. परंतु पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत उभे राहून त्यांच्याकडे पाहिले, तर हे गेम एक वेगळाच प्रश्न उपस्थित करतात. मुलांना भटकण्यासाठी मोकळे जग पडद्यावर मिळू लागले, त्याच काळात दाराबाहेरच्या मोकळ्या जगाचे काय झाले?

आधी खेळाविषयी. जुन्या पद्धतीच्या गेममध्ये ठरलेली वाट असते. एक टप्पा पार केला की दुसरा उघडतो. मुक्त जगाच्या गेममध्ये विस्तीर्ण भूप्रदेश समोर ठेवलेला असतो. कोठे जायचे, कोणत्या कड्यावरून खाली यायचे, की नुसतेच फिरायचे, हे खेळणारा ठरवितो. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या अ‍ॅनसी येथील स्टुडिओने ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आणलेला 'रायडर्स रिपब्लिक' हा या प्रकारातील सर्वांत मोठा प्रयोग. अमेरिकेतील योसेमिटी, झायन, ब्राइस कॅन्यन, सेक्वोया, ग्रँड टिटन अशी राष्ट्रीय उद्याने उपग्रहांच्या माहितीवरून संगणकात उभी करून ती एकमेकांना जोडण्यात आली आणि त्यात सायकलस्वार सोडून दिले.

नेदरलँड्समधील रेजस्क्विड या छोट्या चमूचा 'डिसेंडर्स' २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्याची गंमत निराळी. त्यात उताराची तीव्रता आणि वळणांचे प्रमाण यांवरून संगणक प्रत्येक वेळी नवी वाट रचतो, त्यामुळे पाठांतर करून जिंकता येत नाही. याशिवाय खेळणाऱ्यांनी स्वत: तयार केलेले डोंगर इतरांसाठी खुले करण्याची सोय त्यात आहे. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. बर्लिनच्या मेगागॉन इंडस्ट्रीजचा 'लोनली माउंटन्स : डाउनहिल' हाही २०१९ चाच. तो काटेकोर अर्थाने मुक्त जगाचा म्हणता येणार नाही, पण त्याच कुळातला आहे. त्यात सायकल चालविताना संगीत वाजत नाही. वारा, पाणी, पाखरे आणि चाकाखालच्या खडीचा आवाज तेवढा ऐकू येतो. वाटेत आडबाजूला विसाव्याच्या जागा दडविलेल्या आहेत. तेथे सायकल टेकवून स्वाराने नुसते बसायचे. गुण नाहीत, बक्षीस नाही. व्हिडिओ गेम म्हणजे निव्वळ धांगडधिंगा, असे मानणाऱ्यांनी या जागा एकदा पाहाव्यात.

मूळ खेळाचा जन्मही असाच, मोकळेपणातून झालेला. कॅलिफोर्नियातील मॅरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर न्यायचे आणि वेगाने खाली सोडायचे. १९७६ पासून त्यांच्या शर्यती भरू लागल्या. उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापायचा, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्या उतारालाच 'रिपॅक' हे नाव पडले. वीसच वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या उद्योगाला पदकांची प्रतिष्ठा मिळाली. जुनी सायकल, एक डोंगर आणि कोणी अडविणारे नसणे, एवढ्या भांडवलावर हा खेळ उभा राहिला. या तिन्ही गोष्टी एके काळी शिरूर-दौंडमध्येही होत्या.

पुणे जिल्ह्याचा डोंगर म्हटले की मुळशी, मावळ, भोर, राजगड डोळ्यांसमोर येतात. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतील तालुके. भीमेच्या एका तीरावर दौंड, दुसऱ्या तीरावर शिरूर. नकाशावर सपाट दिसणारा हा मुलूख प्रत्यक्षात तितका सपाट नाही. पाबळ, कान्हूर मेसाई या भागांत उघडी पठारे, मुरमाड टेकड्या आणि कोरडे ओढे आहेत. दौंडच्या दक्षिणेला भुलेश्वरची रांग यवतच्या अंगाने पूर्वेकडे उतरत जाते. पाटसकडून बारामतीला जाताना रोटी घाट लागतो. संत तुकाराम महाराजांची पालखी याच घाटाने पुढे जाते. हिमालयाची सर या टेकड्यांना नाही, हे खरे. परंतु माउंटन बाइकला उंची लागते त्यापेक्षा अधिक खडबडीतपणा लागतो. पाबळच्या पठारावर तो मुबलक आहे.

असे असूनही या भागातील शाळकरी मुलगा आज सायकल घेऊन गावाच्या शिवेबाहेर भटकतो का? फारसा नाही. त्याचे खापर मोबाइलवर फोडणे सोपे आहे. पण क्रम तपासला पाहिजे. मोबाइल हातात येण्याच्या आधीपासूनच बाहेरची वाट अरुंद होत चालली होती.

पहिले कारण रस्ते. शिरूर तालुका पुणे-नगर रस्त्यावर आणि दौंड तालुका पुणे-सोलापूर रस्त्यावर माळेसारखा ओवलेला आहे. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव, कुरकुंभ येथे कारखानदारी आली. कंटेनर आले, कामगारांच्या बस आल्या आणि गळिताच्या हंगामात उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तर होतेच. ज्या रस्त्याने आधीची पिढी सायकलवर शाळेला गेली, त्यावर आपल्या मुलाला सायकलवर सोडण्याचे धाडस आज कोणते आईवडील करतील? पुणे ते शिरूर या सुमारे ५३ किलोमीटरच्या उन्नत मार्गाला राज्य सरकारने मंजुरी दिली आहे. वाहतूक कोंडीवर तो उपाय असेलही. रस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीवरील शाळेत जाणाऱ्या मुलाचा विचार त्याच्या चर्चेत क्वचितच होतो.

दुसरे कारण अधिक भयंकर आहे. शिरूरच्या उत्तर भागात, घोड आणि कुकडीच्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले, तसा उसात बिबट्या स्थिरावला. २०२५ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तिघांचे बळी गेले. त्यांत एक पाच वर्षांची मुलगी होती आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. अखेर वन विभागाला एक बिबट्या गोळी घालून मारावा लागला. त्यानंतर सायंकाळी घराबाहेर पडण्याचीच धास्ती असलेल्या वस्त्यांवर 'मुलांनी मैदानी खेळ खेळावेत' हा शहरी उपदेश किती पोकळ वाटत असेल, याची कल्पना पुण्यात बसून येणार नाही. तेथे मुलगा घरात मोबाइलवर डोंगर उतरत असेल, तर त्याच्या आईला त्याचे दु:ख कमी आणि दिलासाच अधिक वाटत असेल.

तिसरे कारण सावकाश काम करणारे, म्हणून दुर्लक्षित. ते म्हणजे माळरानाचा आक्रसत गेलेला विस्तार. सात-बाराच्या भाषेत ही जमीन 'पोटखराबा', 'पडीक' किंवा 'गायरान'. नावातच तिची किंमत ठरलेली. पाणी पोहोचले तेथे ऊस आला, शहर पोहोचले तेथे प्लॉट पडले, खडीची मागणी वाढली तेथे क्रशर बसले. राज्यभरात सौर प्रकल्पांसाठीही गायराने पुढे केली जात आहेत. यातील प्रत्येक गोष्टीला आपापले समर्थन आहे. सौरऊर्जा शेतकऱ्याला दिवसा वीज देणार असेल, तर तिला विरोध कोण करील? परंतु गायराने आणि इतर सार्वजनिक जमिनी हे गावाच्या मालकीचे सामायिक धन आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २०११ मध्येच बजावले होते. त्या सामायिक धनात गुरांच्या चराईबरोबर पोरांचे हुंदडणेही येत होते. त्याची नोंद कोणत्याही उताऱ्यावर नसल्यामुळे ते गेले तरी कोणाच्या ध्यानात आले नाही.

या पार्श्वभूमीवर गेमकडे पुन्हा पाहावे. 'मुक्त जग' या शब्दांतील मुक्तता नेमकी कशापासून आहे? त्या जगात कंटेनर नाही, बिबट्या नाही, कुंपण नाही, 'इकडं कुठं निघालास?' असे विचारणारे कोणी नाही. पडलो तर एक कळ दाबून पुन्हा उभे राहता येते. प्रत्यक्षात जे हिरावले गेले, नेमके तेच बांधून विकले जात आहे. हा गेम करणाऱ्यांचा दोष नव्हे. डच चमूने शिरूरचे माळरान घेतलेले नाही. पण मागणी कोठून येते, हे मात्र त्यातून कळते.

अर्थात, पडद्यावरच्या या रिकाम्या डोंगरात एक फसवणूकही आहे. योसेमिटीचे खोरे आज निर्मनुष्य निसर्गाचे प्रतीक मानले जाते. तेथे आवानिची आदिवासींची वस्ती होती आणि १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी पाठवून त्यांना हुसकावण्यात आले, हे गेममध्ये कोठे दिसत नाही. आपल्या 'पडीक' जमिनीचीही तीच गत. तिच्यावर मेंढपाळांच्या वाटा आहेत, लांडग्यांची बिळे आहेत, चिंकारा आणि माळटिटव्या आहेत. दौंडच्या शेजारी, बारामती तालुक्यात सुपे येथे चिंकारांसाठी १९९७ मध्ये मयुरेश्वर अभयारण्य घोषित झाले. ते पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचे. एवढ्याशा तुकड्यात प्राणी राहत नाहीत, ते भोवतालच्या खासगी आणि गावठाणाच्या माळांवर फिरतात. गेम खेळून बाहेर पडलेला हौशी सायकलस्वार जर 'येथे कोणीच नाही' असे समजून या माळांवर चाके फिरवू लागला, तर मोटारीतून लांडग्यांचा पाठलाग करणारे छायाचित्रकार आणि तो यांत फरक उरणार नाही. वन विभागाने इंदापूरमधील कडबनवाडी आणि बारामतीतील शिर्सुफळ येथे ठरावीक वाटांवरून गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली, त्यामागे हाच विचार आहे.

सायकलीविषयी सरकारला आस्था नाही, असे म्हणता येणार नाही. जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या मान्यतेची शर्यत जिल्ह्यात झाली. पाच दिवस, सुमारे ४३७ किलोमीटर, परदेशी संघ, त्यासाठी गुळगुळीत केलेले रस्ते. जिल्ह्याला अभिमान वाटावा, असेच ते आयोजन होते. मात्र ती रस्त्यावरची शर्यत होती आणि तिचा प्रेक्षक बॅरिकेडच्या मागे उभा होता. शर्यतीसाठी डांबर पडले. शर्यत पाहून घरी परतलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सायकल कोठे चालवायची, हे ठरलेले नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळने तिरुवनंतपुरमजवळ पोनमुडी येथे आशियाई माउंटन बाइक स्पर्धा घेतली. डोंगर वापरण्याचा विचार तेथे झाला. महाराष्ट्रात माउंटन बाइकिंगमध्ये चमकलेली नावे आहेत. संगमनेरची प्रणिता सोमण हे त्यांतील ठळक नाव. संगमनेर हा काही सह्याद्रीच्या माथ्यावरचा गाव नव्हे. तोही पर्जन्यछायेचाच प्रदेश.

आता उद्योगाच्या बाजूने पाहू, कारण ३,२६८ कोटींचा प्रश्न तेथे आहे. पुणे या क्षेत्रात नवखे नाही. 'रायडर्स रिपब्लिक' काढणाऱ्या युबिसॉफ्टचाच पुण्यात २००८ पासून स्टुडिओ आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम जगापुढे नेला. सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये आला. गुणवत्तेचा प्रश्न नाही. पण पुण्यात केलेल्या या गेममध्ये पुण्याची भूमी शोधू गेल्यास सापडत नाही. 'राजी'ची वास्तुशैली राजस्थानकडे झुकणारी आणि 'इंडस' एका काल्पनिक ग्रहावर घडणारा. दुसरीकडे, परदेशी कंपनीच्या कामात इथल्या मंडळींचे स्थान किती पक्के असते, याचा धडा 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या नव्या आवृत्तीने दिला. २०२० मध्ये पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे तिची धुरा असल्याचे जाहीर झाले, २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला.

मग आपला डोंगर गेममध्ये आणायला काय लागते? कल्पनेपेक्षा कमी. अमेरिकेच्या अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये मोजलेली पृथ्वीच्या उंचसखलपणाची आकडेवारी सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. इस्रोचे 'भुवन' संकेतस्थळ २००९ पासून आहे. नकाशांवरची जुनी सरकारी बंधने फेब्रुवारी २०२१ मध्ये बरीच सैल झाली. वर म्हटल्याप्रमाणे, स्वत: रचलेला डोंगर इतरांना खेळू देण्याची सोय काही गेममध्ये आहेच. अडचण एवढीच, की उपग्रहाच्या त्या आकडेवारीतील एक चौकोन सुमारे ३० मीटरचा असतो. त्यात रोटी घाट येतो. शेळ्यांची पायवाट येत नाही. माउंटन बाइकची सगळी मजा मात्र त्या पायवाटेवरच असते. ती वाट कोठे वळते, पावसाळ्यानंतर कोठे खचते, कोणत्या दगडावर चाक घसरते, हे जाणणारा माणूस बर्लिनमध्ये किंवा बाणेरमध्ये मिळणार नाही. तो पाबळ-मलठणचा असावा लागेल.

आणि पाबळ हे नाव येथे सहज आलेले नाही. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच गावी. शाळेत न रमलेल्या मुलांनी हाताने काम करीत शिकावे, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेर जगात ज्या पहिल्या काही 'फॅब लॅब' उभ्या राहिल्या, त्यांतील एक २००२ मध्ये पाबळला आली. संगणकावर रचना करायची आणि ती यंत्रावर प्रत्यक्षात उतरवायची, हे काम शिरूर तालुक्यातील मुलांनी पुण्याच्या अनेक महाविद्यालयांआधी पाहिले. तेव्हा गेम घडविणे हे ग्रामीण मुलाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हा युक्तिवाद या तालुक्यात तरी टिकणारा नाही. राज्याच्या धोरणातील पैसा मुंबई-पुण्यातील वातानुकूलित संकुलांत जिरतो की त्यातला थोडासा अशा ठिकाणी पोहोचतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. आजवरचा अनुभव पाहता फार आशा बाळगण्यासारखी स्थिती नाही.

अर्थात, गेममध्ये पाबळचा डोंगर आला म्हणून पिंपरखेडच्या मुलाला सायकल चालविता येणार नाही. ते काम वेगळे आहे आणि ते स्टुडिओत होणारे नाही. त्याला दिवसाउजेडी वापरण्याजोग्या, वस्तीपासून फार दूर नसलेल्या, उसाच्या फडांना टाळणाऱ्या काही किलोमीटरच्या आखीव वाटा लागतील. त्या मातीच्याच असाव्यात; सिमेंटचा ट्रॅक बांधण्याचा मोह झाल्यास कंत्राटदाराखेरीज कोणाचे भले होणार नाही. लांडग्यांच्या विणीच्या जागा वगळाव्या लागतील, मेंढपाळांना विचारावे लागेल. खडकवासल्याच्या पाण्यावर जगणाऱ्या दौंडमध्ये आणि चासकमान, घोडच्या लाभक्षेत्रातील शिरूरमध्ये कालव्यांच्या कडेने सेवारस्ते आयतेच आहेत. सायकल त्यावरून नीट चालते, वाहने तुरळक असतात.

पण कालव्याची कड जलसंपदा विभागाची, टेकडी वन विभागाची, तिच्या पायथ्याचे गायरान महसूल विभागाचे आणि शाळा जिल्हा परिषदेची. मुलाने घरून निघून टेकडीवर जाऊन परत यायचे म्हटले, तर त्याला चार खात्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागतात. गायरानापुरता तरी पहिला ठराव ग्रामसभा करू शकते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना ती भरते. विषयपत्रिकेवर रस्ते, पाणी, घरकुले आणि अलीकडे बिबट्याचे पिंजरे असतात. सायकलीची वाट हा विषय त्यावर यायचा असेल, तर तो ग्रामस्थांपैकीच कोणाला तरी लिहून द्यावा लागेल.